बेबीताईंचं 'येजा'

मुकुटबनात 'काळडोंगरचा पाहुणा' कोण कोण पाहतं हे मला सरपंचापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण निम्म्या गावाचे डिश माझ्या दुकानातून रिचार्ज होतात. कुठल्याशा थंड मुलखातल्या जुन्या इंग्रजी गोष्टीवरून बेतलेली ही मालिका. मूळ गोष्टीतल्या उमरावाचा इथे ठाकूर केलाय, त्याला डोंगरावर गढी दिलीय, आणि हिंदीतून मराठीत आणताना आवाज पुण्याकडचा दिलाय. त्यामुळे तो रक्त पिण्याआधी 'क्षमस्व' म्हणतो. माणूस दोनशे वर्षांपूर्वी मेलेला. भिंतीवरून चालतो, धुकं होतो, लांडगा होतो. त्याची अडचण एकच. घरातल्या कोणी तोंडानं 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. रोज संध्याकाळी सातला नवा भाग आणि तोच दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत.

वणीच्या एका लोकल चॅनलवाल्यानं 'प्रेक्षक बोलतात' असा कार्यक्रम काढला आणि आमच्या भागातली मतं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. वणीलाच केलं, तेवढीच पात्रता. मोबाइल धरायचा, चाळीस सेकंद बोलू द्यायचं, पाठवून द्यायचं.

तांड्यावरच्या मोतीबाईंनी सुरुवात केली. "दोनशे वर्सं रगत पेऊन राह्यला अन् गालफडं पाह्य त्याचे! आमची बकरी सरकी खाऊन याच्याहून बरी दिसते." त्यांचे मालक बाबूसिंग यांची हरकत वेगळी होती. "भित्तीवर चढते, धुक्कट होते, अन् दारापाशी काहून अडते? आमच्याकडे त सारेच बिना बोलावता येते." आशा वर्कर असलेल्या वर्षाताईंनी त्याची कीवच केली. "हा इकडं आला त उपाशी मरन. मुकुटबनात एका बाईचं हिमोग्लोबीन दहाच्या वर मले दाखवून दे. एका जेवनासाठी तीन घरं फिरा लागतीन बिचाऱ्याले." बारावीतली खुशी म्हणाली, "दिसाले लय भारी हाय. म्या त लगेच 'या' म्हनलं असतं." यावर तिच्या आईनं तिच्या पाठीत दिलेला धपाटाही रेकॉर्ड झाला. चॅनलवाल्यानं तो ठेवला.

बेबीताईंचं मत मात्र मिळेना. आणि सगळ्या गावात ही मालिका त्यांच्याइतकी नेमानं पाहणारं दुसरं कोणी नव्हतं.

बेबीताई म्हणजे किसनराव निब्रडांची बायको. किसनराव जाऊन चार वर्षं झाली. बेबीताई बावन्न वर्षांच्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र दोन घरं ओलांडणारा. एकुलती लेक अपेक्षा मारेगावला दिली. ती माझ्या वर्गात होती. शेत तांड्यावरचे देवसिंग बटईनं करतात आणि बेबीताईंच्या वाट्याचा कापूस दिवाळीपासून समोरच्या खोलीत पडून असतो. खोलीच्या एका अंगाला टीव्ही, दुसऱ्या अंगाला पार छतापर्यंत पांढरा ढीग.

गावात त्यांची ओळख एका शब्दाची होती. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरचं माणूस म्हणतं 'येजो'. पाहुणा मोठा असला तर 'येजा'. म्हणजे पुन्हा कधी या. म्हणतात सगळेच, पण बेबीताई ते मनावर घेत. पदराला हात पुसत दारात यायच्या, एक पाय उंबरठ्याबाहेर टाकायच्या आणि जाणारा फाटकापर्यंत पोचला की मागून ठणठणीत 'येजा' यायचं. गॅसच्या टाकीवाल्याला यायचं. दिवसभर खटपट करून मोटर होती त्याहून बिघडवणाऱ्या मिस्त्रीला यायचं. एकदा छतावर वाळत घातलेली तूर माकडांनी फस्त केली. बेबीताई काठी घेऊन धावल्या, टोळी हाकलली, आणि शेवटचं माकड भिंतीवरून उतरताना सवयीनं म्हणाल्या, "येजा." शेजारचा बंटी साक्षीला होता. माकडं अर्थातच पुन्हा आली.

तर फेब्रुवारी संपता संपता मी त्यांच्याकडे मोबाइल घेऊन गेलो. "काकू, ठाकुराविषयी दोन शब्द सांगा."

"बंद कर थे पयले," बेबीताई म्हणाल्या.

"चाळीस सेकंदच हाय काकू."

"बंद कर म्हनलं ना."

मी बंद केला. निघालो. ओसरीवर चपला घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला. फाटकापर्यंत गेलो. मागून काही आलं नाही. वळून पाहिलं तर दार लागत होतं. मार्चच्या तोंडावर, भर दुपारी, आमच्या गावात कोणी दार लावत नाही.

मला वाटलं माझ्यावरच राग आहे. पण चार दिवसांत दुकानावर तक्रारी यायला लागल्या. दूधवाला म्हणाला, दोन वेळा रस्त्यातून मागं वळून आलो, वाटलं काही विसरलो. देवसिंग तर घाबरलेच होते. "म्या काय केलं, बाबू? बाईनं मले येजा म्हनलं नाही. वावर काढून घेतात का काय?" बेबीताई बोलायच्या, चहा द्यायच्या, सगळं नेहमीसारखं. फक्त माणूस निघाला की तोंड घट्ट मिटून घ्यायच्या, आणि त्यांच्या दारातून बाहेर पडलेल्याला घरी पोचेपर्यंत पाठीवर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

मग अपेक्षाचा फोन आला.

"शाम, आई मले बाळंतपनाले आनाले नाही म्हनून राह्यली."

"नाही कशी म्हनन? पयलं बाळंतपन मायघरीच होते."

"थेच त! कधी म्हनते पानी नाही, कधी म्हनते गरमी लय हाय. माही सासू मले इचारून राह्यली, तुह्या मायले लेक जड झाली का म्हनून. सातवा सरला, शाम. येत्या गुरुवारी नयन मले सोडाले येऊन राह्यले. आईनं दार नाही उघडलं त मी कोन्या तोंडानं मारेगावले परत जाऊ?" मग म्हणाली, "तू जाऊन इचार ना. तुले सांगन थे."

सोमवार होता. मी दुपारी दोनलाच गेलो, कारण त्या वेळी बेबीताई टीव्हीसमोर असणार हे नक्की. संध्याकाळचा भाग त्यांनी सोडला होता. उजेड असताना पाहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

टीव्हीवर ठाकूर एका घराच्या दाराशी उभा होता. आतली दाई म्हणाली, "या." ठाकूर आत आला, दाईकडे त्यानं पाहिलंही नाही, सरळ पाळण्यावर वाकला. बेबीताईंनी रिमोटनं आवाज बंद केला, पण चित्र चालू ठेवलं.

"अपेक्षाचा फोन आलता," मी म्हणालो.

"मले मालूम हाय."

"काहून नाही म्हनून राह्यल्या काकू?"

त्यांनी मान वळवली आणि पदर सरकवला. कानाखाली दोन लाल दाणे होते. एकाशेजारी एक.

मला हसू आलं, आणि मी ते दाबलंही नाही. "काकू, ही कापसातली कीड हाय. घरात कापूस ठेवला का चावते. माह्याबी पाठीवर हाय, देवसिंगच्या साऱ्या हातावर हाय. आख्ख्या मुकुटबनाले ठाकूर चावला म्हना मंग."

"दोनच काहून चावली?"

याचं उत्तर बी.ए.ला नव्हतं.

"तिकडं पाह्य," त्या म्हणाल्या.

कापसाच्या ढिगाला, पुढच्या उतारावर, खड्डा होता. माणूस उताणा पडला तर पडतो तसा. डोक्यापाशी खोल, कमरेपाशी खोल, मधे उथळ.

"मांजर बसत असन," मी म्हणालो.

"एवढी लांब?"

मग बेबीताईंनी सांगितलं. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईचा आवाज हळू झाला की तो ऐकायला जवळ सरकावं लागतं. मी सरकलो.

किसनराव वावरातून दोनच्या ठोक्याला घरी येत. जेवायच्या आधी पंधरा मिनिटं कापसाच्या ढिगावर अंग टाकायची त्यांची सवय. बेबीताई रोज ओरडायच्या, कापूस मळते म्हणून, आणि ते रोज पडायचे. ते गेले त्या वर्षीचा कापूस दिवाळीनंतर घरात आला, आणि आठ दिवसांत हा खड्डा दिसायला लागला. दोनला पडायचा. पंधरा-वीस मिनिटांनी कापूस आपला वर यायचा, कोणी उठून गेल्यासारखा. होळीला कापूस विकला की बंद. दिवाळीला पुन्हा सुरू.

"चार वर्सं?" मी विचारलं.

"हौ."

"अन् तुमी कोनाले सांगितलं नाही?"

"काय सांगाचं? घरचाच मानूस. म्या भेली नाही कधी. पान्याचा गिलास ठेवतो मी ढिगापाशी. बोलतो बी. आज वांगे केले, पोरीचा फोन आलता. बरं वाटे रे." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. ठाकूर अजून पाळण्यावरच वाकलेला होता. "मंग हे लागलं. यानं सांगितलं, बोलावल्याबिगर थे येत नाही. अन् आले का पयले गोड वागते. मंग घरातलं लेकरू धरते."

"पन काकांले कोनी बोलावलं?"

"म्याच ना. तू होता थ्या दिवशी. तुनं बी आयकलं असन."

मी ऐकलं होतं. किसनरावांच्या छातीत सकाळी कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत संपलं. दुपारी चौघांनी तिरडी उचलली, ओसरीवरून उतरले, फाटकापर्यंत गेले, आणि रडण्याच्या त्या कल्लोळात मागून नेहमीच्याच सुरात शब्द आला, "येजा." मी फाटकाला लागून उभा होतो. वळून पाहिलं. बेबीताई दारात होत्या, एक पाय उंबरठ्याबाहेर, हात पदरात. आपण काय म्हणालो हे त्यांना तेव्हा कळलंही नव्हतं. खांदेकरी तसेच पुढं गेले. तेराव्यापर्यंत मात्र ते गावभर झालं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात माझ्या दुकानाचा हात होता. लोक रिचार्जला यायचे आणि मी त्यांना हे फुकट द्यायचो.

"तोंडातून निंगून गेलं," बेबीताई म्हणाल्या. "तीस वर्सं थे दारातून निंगाले का म्या थेच म्हनलं. त्या दिवशी बी निंगाले, म्हनलं. आता माह्या तोंडाचाच भेव वाटते मले. कोनाले म्हनू आता? अन् पोरीले कशी आनू? तिचं पोट एवढं पुढं. लेकरू झालं का याच खोलीत पाळना लागते."

म्हणजे पाणी नाही, गरमी नाही, हे होतं. लेकीला दूर ठेवण्याचं कारण लेकीच्याच बापाचं येणं.

"तुह्या मोबाइलात पाह्य," त्या म्हणाल्या. "याले शेवटी परत कसं धाडते?"

मूळ गोष्ट जुनी असल्यानं शेवट शोधायला वेळ लागला नाही. वाचून दाखवायला लागला. "छातीत लाकडाचा खुंटा ठोकतात."

"बैलाच्या खुंट्याएवढा?"

"त्याच्याहून लहान असन."

बेबीताईंनी त्या खड्ड्याकडे पाहिलं. "नाही बा," त्या म्हणाल्या. "थ्यायच्या छातीत आधीच लय कळ आलती."

यावर कोणीही गप्प बसलं असतं. मी बसलो नाही. मला शांतता सहन होत नाही आणि गंमत केल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "काकू, ठाकूरले 'या' म्हनते. तुमी कुठं 'या' म्हनलं? तुमी 'येजा' म्हनलं. त्यात 'ये' हाय ना, तसा मांगून 'जा' बी हाय. हिशेब बराबर झाला."

बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी ओठांतल्या ओठांत तो शब्द दोनदा तोडून पाहिला, ये, जा, ये, जा, शेंग फोडून दाणे मोजावेत तसा.

"म्हनून दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"म्हनून थे दिसत नाही. नुसता खड्डा पडते. अर्धेच आले थे. 'ये' त्याइनं आयकलं, 'जा' आयकूच नाही गेलं. बाया लय जोरानं रडून राह्यल्या होत्या."

माझ्या अंगावर काटा आला तो खड्ड्यानं नाही, यानं. शेजारी कापूस बिनआवाजाचा वर येत होता. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून अठरा मिनिटं.

"मंग उरलेलं म्हना लागन," बेबीताई म्हणाल्या.

"काकू, मी मजाक केला."

"मले मालूम हाय. गुरुवारी पोरगी कितीले येऊन राह्यली?"

"तीनले."

"मंग दोनले म्हनतो. थे असतीन तवाच म्हना लागन." उठता उठता त्या म्हणाल्या, "आजवर कोनाले म्हनलं नाही, शाम. कुत्र्याले बी 'हाड' म्हनलं, 'जा' नाही म्हनलं." आणि टीव्ही बंद करून आत गेल्या.

मंगळवार, बुधवार मी दुकानात बसून लोकांची मतं पाठवत होतो. मालिका घसरली, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. बंटीला ठाकुराचे दात प्लॅस्टिकचे वाटत होते. बाबूसिंगांना आता भीती वाटेनाशी झाली होती. मला हसू येत नव्हतं. एका बाईकडे चार वर्षं, दिवाळी ते होळी, रोज पंधरा मिनिटं कोणीतरी येत होतं, आणि तिनं ते आता आपल्या हातानं बंद करायचं होतं, माझ्या एका फालतू कोटीवरून. खरं असेल तर वाईट होतं. खरं नसेल तर त्याहून वाईट होतं, कारण मग चार वर्षं त्या पाणी कोणासाठी ठेवत होत्या?

गुरुवारी मारेगावची काळीपिवळी जीप तीनला यायची होती. भरल्याशिवाय ती निघत नाही हे आमचं सगळ्यांचं वेळापत्रक. त्या दिवशी ती लवकर भरली. दोनच्या सुमाराला दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि अपेक्षा उतरली. नयन मागं राहिला, टपावरची गादी आणि पिशव्या सोडवत. मी अपेक्षाच्या हातातली बॅग घेतली.

"जरा बस दुकानात," मी म्हणालो. "पानी पे."

"घरीच पेतो."

"पाच मिनिटं बस ना."

"शाम, काय झालं? आई नाही का घरी?"

"हाय."

"मंग चाल." आणि ती निघालीच. सातवा सरलेली बाई इतकी भरभर चालते हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि आमच्या दोघांच्या सावल्या पायांखालीच अडकलेल्या. मी बॅग घेऊन मागं मागं, पुढं होऊन अडवावं की नाही हे ठरवत, आणि तेवढ्यात निब्रडांचं फाटक आलं. दार उघडं होतं. कितीतरी दिवसांनी उघडं. आत अंधारल्यासारखं दिसत होतं आणि त्यात कापसाचा पांढरा ढीग. त्याच्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, बेबीताई उभ्या होत्या.

अपेक्षानं फाटकाला हात लावला. हाक मारायला तोंड उघडलं.

"जा," बेबीताई म्हणाल्या.

तोच आवाज, दोन घरं ओलांडणारा.

अपेक्षाचा हात फाटकावर तसाच राहिला. तिचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. सासूचे सगळे टोमणे त्या एका अक्षरानं खरे करून टाकले होते. तिनं माझ्याकडे न पाहता हात पुढं केला. "बॅग दे."

"अपेक्षा, थांब..."

"दे म्हनलं ना."

मी बॅग मागं धरली. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला, आता तो हळू होता.

"जा आता. पोरगी येऊन राह्यली माही. वाईट वाटून घेऊ नका. पन पुन्हा येऊ नका."

अपेक्षाचा पुढं केलेला हात खाली आला.

आईनं तिला आयुष्यभर 'तू' म्हटलं होतं. जावयाला बेबीताई 'बापू' म्हणायच्या, मला 'तू', देवसिंगला 'रे'. 'येऊ नका', 'घेऊ नका' इतक्या जपून बोलावं असं त्या घरात एकच माणूस होऊन गेलं होतं. आणि तिरडीमागच्या त्या शब्दाची गोष्ट अपेक्षालाही माहीत होती. तिच्यासमोर कोणी बोललं नसलं तरी.

तिनं एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्यानं पदर डोक्यावर घेतला आणि फाटक सताड उघडून ती बाजूला झाली. कुंपणाच्या तुराट्यांना पाठ लागेपर्यंत मागं सरकली. वडीलधारं माणूस घरातून निघालं की लेकीसुना सरकतात तशी, खाली पाहत.

मीही सरकलो. बॅग छातीशी धरून, रिकाम्या फाटकाला वाट करून देत उभा राहिलो. वारा नव्हता. ओसरीवरून फाटकापर्यंतच्या मातीत काही उमटलं नाही, निदान मला दिसलं नाही. आत बेबीताई अजून वळल्या नव्हत्या.

मागून नयन डोक्यावर गादी घेऊन घामाघूम होत आला. दोघं कुंपणाला चिकटून उभे पाहून त्यालाही थांबावं लागलं.

"काय झालं? अंदर काहून जात नाही?"

"थांबा जरा," अपेक्षा म्हणाली. "बाबा निंगून राह्यले."